टायटलमधलं गाव

राजापूर तालुक्यातल्या एका आंबा बागायतदारांची वेबसाइट दुरुस्तीला माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या प्रत्येक पानाचं टायटल एकच होतं: त्यांच्या फर्मचं नाव. बागेची माहिती, पेटीचे भाव, घरपोच सेवा, सगळीकडे तेच. ज्याला फर्म ठाऊकच नाही, तो ते नाव टाइप करणार कशाला? गुगलच्या निकालात ठळक दिसणारी ओळ बहुतेक वेळा याच टायटलमधून येते.

मी आधी सर्च कन्सोल उघडलं. लोकांनी कोणते शब्द टाकले तेव्हा आपलं पान दिसलं, हे तिथे कळतं. भाव विचारणारे होते, पुण्यात आंबा पोचेल का हे शोधणारे होते, आणि बरेच जण मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहीत होते. टायटलं या शब्दांतून घडवायची असं मी ठरवलं.

बागायतदार काकांचा मात्र फोन आला. "देवगड हापूस, रत्नागिरी हापूस, स्वस्त हापूस, बेस्ट हापूस, सगळं घाल. देवगड तर पाहिजेच, गिऱ्हाईक तेच शोधतं."

गिऱ्हाईक ते शोधतं, हे खरंच होतं. पण देवगड सिंधुदुर्गात आणि त्यांची कलमं रत्नागिरी जिल्ह्यात. "काका, देवगड मी लिहिणार नाही," मी सांगितलं. "2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी आहेच. उसनं गाव कशाला?"

शब्दांची माळ लावण्यालाही माझा विरोध होता. ऑगस्ट 2021 पासून गुगलनं टायटल दाखवण्याची पद्धत बदलली आहे. टायटलात शब्द कोंबलेले असतील किंवा सगळ्या पानांवर एकच टायटल असेल, तर ते बाजूला ठेवून पानावरचं मुख्य शीर्षक किंवा दुसरा मजकूर तिथे येऊ शकतो. शिवाय डेस्कटॉपवर साधारण 600 पिक्सेलनंतर ओळ तुटते, म्हणून कामाचा शब्द सुरुवातीलाच हवा.

काका नाराजीनंच तयार झाले. भावाच्या पानाला 'रत्नागिरी हापूस पेटीचे भाव' आणि घरपोच सेवेच्या पानाला 'अढीत पिकवलेला हापूस, पुण्यात घरपोच' असं लिहिलं. फर्मचं नाव शेवटी. हंगामात आलेल्या चौकशीत आधी कधी न बोललेली माणसं होती, आणि त्यांना आंबा कुठला हे फोन करण्याआधीच ठाऊक होतं.

तुमची वेबसाइट असेल, तर तिच्या पानांची टायटलं एकदा वाचून काढा. गिऱ्हाइकाच्या तोंडचा शब्द त्यात आहे का ते बघा, आणि जे तुमच्याकडे नाही ते काढून टाका.