मृगाच्या तोंडावर

जून उजाडला की मला विजेची धास्ती वाटू लागते. सडक अर्जुनीतली पोरं रविवारी सकाळचं निरभ्र आभाळ बघून गाडीला किक मारतात, कोहमाऱ्यावरून थेट नवेगावबांध! तलाव आहेच तसा, डोंगरांनी कवेत घेतलेला. कोलू पाटलांनी तो बांधला, असं इथले लोक सांगतात. पण दुपार कलली की त्याच डोंगरांमागून ढग कधी चढून येतील, नेम नाही.

भाच्याला मी बजावून ठेवलंय, वीज चमकली की आकडे मोजायला लाग. आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर चालतो. म्हणजे ३० मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. मग पाण्यातून, पाळीवरून उठायचं आणि पक्कं घर किंवा बंद चारचाकी गाठायची. शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएमनं केलेलं ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर असू द्यावं; जवळपास वीज पडण्याचा धोका ते आधी कळवतं.

सगळ्यात जास्त जीव कळवळतो तो झाडाखाली धावणाऱ्यांसाठी. पावसात झाड आपलंसं वाटतं, आणि माळावरचा एकटा मोह तर छत्रीसारखा पसरलेला. पण वीज उंच टोक शोधते, आणि खोडातून उतरताना शेजारच्या माणसावर झेप घेते. चिंब भिजलं तर अंग पुसता येतं रे, असं मी भाच्याला म्हणतो.