वऱ्हाडचा कापूस, जपानची गाठ

मलकापूरला आगगाडी सोडावी आणि एस्.टी.ने राजूर घाट चढून बुलढाण्यास यावे. घाटावर गार वारा, तर घाटाखाली काळी जमीन आणि कपाशी! दिवाळीच्या सुमारास वेचणीला आलेल्या बायकांच्या ओट्या कापसाने फुगलेल्या दिसतात.

या कापसाने दूरदूरचा प्रवास केला आहे. १८७० साली खामगावला आगगाडीचा फाटा आला तो कापसासाठीच. पुढे १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या खटपटीने मुंबई-जपान अशी जपानी बोट सुरू झाली आणि वऱ्हाडचा कापूस थेट जपानी गिरण्यांत जाऊ लागला.

त्याच जपानात नागोया शहरात अरिमात्सू नावाची वस्ती आहे. कापड बांधून रंगवण्याचा तिथला धंदा १६०८ पासूनचा. या कलेला शिबोरी म्हणतात. आपली बांधणी म्हणा ना! क्योतोचे कारागीर तर रेशमी किमोनोवर 'कानोको' करतात. कानोको म्हणजे हरणाचे पाडस. नक्षीही त्याच्या अंगावरच्या ठिपक्यांसारखी. रेशमाचा कण चिमटीत धरायचा, दोऱ्याचे वेढे देऊन आवळायचा, मग कापड रंगात बुडवायचे. आवळलेल्या जागी रंग शिरत नाही. गाठ सोडली की पांढरे कडे उमटते. अंगभर नक्षीच्या किमोनोला लाखाच्या घरात गाठी लागतात! ही चैन इतकी वाढली की १६८३ मध्ये सरकारने असल्या किमोनोवर बंदीच घातली.

पण गाठ पाहायला जपानला कशाला जायचे? बुलढाण्यातून गेलेली अजिंठ्याची डोंगररांग धरून पश्चिमेला निघा. शेजारच्या जिल्ह्यात, लेण्यांतल्या सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीच्या चित्रांत ठिपक्यांची वस्त्रे दिसतात. ती बांधणीचीच, असे जाणकार मानतात. ते कापड कधीच मातीला मिळाले; कसब मात्र कच्छ-सौराष्ट्राच्या आणि राजस्थानच्या बोटांत अजून जिवंत आहे.

ते किती दिवस राहील, हे थोडेफार आपल्याही हाती आहे. बाजारात छापील ठिपक्यांची 'बांधणी' स्वस्तात मिळते. तेव्हा गृहिणींनो, यंदा साडी घेताना कापडावरून बोट फिरवून पाहा. छापील ठिपके सपाट आणि सारखेच्या सारखे. बांधलेल्या कापडावर बारीक चुण्या लागतात, आणि ठिपका ठिपक्यासारखा नसतो. भाव जास्त पडतो, तो त्या बोटांचा.