पुसलेले घर

सोलापूर जिल्ह्यातील कोयना धरणग्रस्तांच्या एका वसाहतीत मी शिक्षक होतो. १९६४ साली कोयनेचे धरण पुरे झाले. त्या पाण्यावर वीज निर्माण झाली, दूरदूर दिवे लागले. परंतु शिवसागर जलाशयाखाली सातारा जिल्ह्यातील अनेक गावे गेली. तेथील डोंगरातल्या माणसांना सपाट माळावर नवा संसार मांडावा लागला.

वसाहतीतील एका आजींच्या घरी त्यांचे लग्नानंतरचे छायाचित्र होते. मुंबईच्या गिरणीत कामाला असलेल्या दिरांनी ते सासरच्या दारात काढविले होते. चित्र पुसट होऊ लागले, म्हणून मी हौसेने शहरातून त्याची मोठी प्रत करवून आणली. कारागिराने मागचा पसारा पुसून नवरानवरीला कोऱ्या पडद्यापुढे उभे केले होते.

आजी बराच वेळ पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “गुरुजी, माणसं झ्याक आली, पण माझं घर कुठं गेलं?”

मी ओशाळलो. जुने चित्र पुन्हा निरखून पाहिले. मागे उंबरठा होता, तुळशीवृंदावन होते, कोपऱ्यात उखळ होते. आजींचे बोट त्यावरून फिरू लागले. “हितं सासूबाई बसायच्या. ही नदीची वाट.” वाट चित्राच्या चौकटीबाहेर होती, तरी बोट तेथेही गेले.

दुसऱ्याच दिवशी मी त्या जुन्या चित्राला काच बसवून आणली. मुलांना मी जन्मभर शुद्धलेखन शिकविले. काय पुसू नये, हे मला त्या आजींनी शिकविले.