लिस्बनचा चतुर

पोर्तुगालची राजधानी लिस्बन हें नांव गोव्याच्या इतिहासामुळें आपल्याकडे परिचयाचें आहे. वास्को-द-गामाची समाधि पाहावी आणि परत फिरावें, असा आमचाही बेत होता. परंतु २०१९ सालच्या वसंतांत आम्ही तेथें असतांना सौभाग्यवतीच्या आग्रहाखातर गुल्बेंकियन संग्रहालयांत गेलों, आणि एका कीटकापुढें बराच वेळ खिळून राहिलों.

कालुस्त गुल्बेंकियन हा इस्तंबूलच्या उस्कुदार भागांत १८६९ सालीं जन्मलेला आर्मेनियन गृहस्थ. खनिज तेलाच्या व्यवहारांत मिळविलेली अपार संपत्ति त्यानें कलावस्तूंच्या संग्रहांत ओतली. १९५५ सालीं तो लिस्बनमध्येंच वारला व १९६९ सालीं हें संग्रहालय उघडलें. रने लालीक (१८६०-१९४५) हा फ्रेंच जवाहिऱ्या त्याचा स्नेही.

लालीकनें १८९७-९८ च्या सुमारास घडविलेलें हें वक्षभूषण वीतभराहूनही रुंद आहे. चतुराचें लांब, निमुळतें अंग, सोन्याचे नखाळ पंजे, आणि जबड्यांतून कमरेपर्यंत बाहेर आलेली एक स्त्री! तिचा देह क्रायसोप्रेझ नांवाच्या पोपटी खड्यांत कोरलेला असून बाहूंच्या जागीं पंख आहेत. त्यांत हिरे व चंद्रकांत मणि बसविलेले आहेत. पंखांना बिजागऱ्या असल्यामुळें लेणारीच्या हालचालीबरोबर ते हलावेत, अशी योजना आहे.

खरी करामत पंखांच्या मिन्याची. आपल्याकडील मिनेकामांत रंगीत काचेची पूड धातूच्या पत्र्यावरील खोबणींत वितळवितात; पाठीस धातु राहतोच. येथें सोन्याच्या बारीक चौकटी तेवढ्या आहेत; मागें पत्रा नाहीं. काम होईपर्यंत दिलेला आधार शेवटीं काढून टाकल्यामुळें उजेड आरपार जातो. खऱ्या चतुराच्या पंखाची रचना हीच: शिरांचें जाळें आणि पारदर्शक पापुद्रा.

आपल्या बोरमाळेंत बोरें आहेत, चाफेकळींत कळ्या, मासोळींत मासाही आहे. पण किडा अंगावर मिरवावा, हें कांहीं मला रुचेना. मी म्हटलें, “बिचारीला गिळतो आहे तो.”

“गिळतो कुठें? अहो, ती बाहेर येते आहे,” सौ. म्हणाली.

मी गप्प झालों. लहानपणीं आमच्या विहिरीच्या कांठीं लव्हाळ्याला चिकटलेली चतुराची रिकामी कात मीं किती वेळां पाहिली होती! पाण्यांत वाढलेला किडा वर चढतो, पाठीवर त्याची कात उकलते, आणि ओले पंख घेऊन चतुर बाहेर पडतो. तें ठाऊक असूनही मला जबडाच काय तो दिसला. त्याचें कारणही मला ठाऊक आहे. त्याच विहिरीवर आम्ही मुलें चतुर धरून त्याच्या शेपटीस दोरा बांधीत असूं. धाकटी बहीण रडत कात्री घेऊन धांवत येई. मी दोरा उंच धरीत असें. एकदां ओढाताणींत शेपटीच तुटली. ती दोन दिवस माझ्याशीं बोलली नाहीं.

संग्रहालयांतून निघतांना त्या वक्षभूषणाचें एक चित्र-पत्र विकत घेतलें, आणि बागेंतल्या तळ्याकांठीं बसून बहिणीचा पत्ता घातला. मजकूर एवढाच लिहिला: “याला दोरा नाहीं.”

पंधरवड्यानें तिचें उत्तर आलें. तींत त्या दागिन्याविषयीं अवाक्षर नव्हतें. “शेवटीं आठवलें तर,” एवढेंच होतें.