पुढे गार, मागे उकाडा

ओझर, लेण्याद्री, भीमाशंकरच्या भाड्यांसाठी मी आठ सीटची जुनी डिझेल गाडी घेतली ती ऐन उन्हाळ्यात. इंजिन, ब्रेक, टायर तपासून घेतले होते. एसीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. ड्रायव्हरशेजारी थंडगार वारं, आणि मागच्या सीटवर आजीबाई पदरानं वारा घेतायत. मागचा पंखा फिरत होता, हवाही येत होती, पण कोमट. एकाच गाडीत हे असं कसं, काही केल्या उमगेना.

नारायणगावपासून मंचरपर्यंत ज्याला विचारावं तो म्हणे, गॅस भर. एका ठिकाणी भरलाही. पैसे गेले, मागचा उकाडा तसाच.

आळेफाट्याला भेटलेल्या एका वयस्कर मिस्त्रींनी गाडीला हात लावण्याआधी मलाच विचारलं, "पुढं गार येतंय ना?"

"येतंय, दादा."

"मग कॉम्प्रेसर चालू आहे, गॅसही आहे. बिघाड मागं शोधायचा."

विहीर एक, मोटर एक, पण वावरं दोन. एका वावराचं दारं तुंबलं तर मोटरीला दोष कशाला? तसंच हे. कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर दोन्हीकडं सामाईक. पुढचं आणि मागचं कूलिंग कॉइल, एक्स्पान्शन वॉल्व्ह आणि पंखा मात्र वेगवेगळे. पुढं-मागं दोन्हीकडं गार येत नसेल तर बॉनेटखाली बघायचं. एकीकडंच येत नसेल तर त्या फाट्यावर. एवढं कळल्यावर माझ्या डोक्यातला अर्धा गुंता सुटला.

आधी त्यांनी मागची हवा आत ओढणारी जाळी काढली. धूळ, केस, मॅटचा भुसा. साफ केल्यावर वारं वाढलं, गारवा नाही. मग इंजिन चालू ठेवून, पंखे जोरात लावून त्यांनी माझा हात नळ्यांवर ठेवला. बारीक नळीतून द्रव गॅस येतो, ती गरम लागते. जाड नळीतून तो कॉइलमधली उष्णता घेऊन परततो, ती गार हवी. पुढच्या जाड नळीला घाम फुटला होता, थेंब ओघळत होते. मागची कोरडी, बाहेरच्या हवेइतकीच. म्हणजे गॅस वॉल्व्हच्या पुढं जातच नव्हता.

वॉल्व्ह उघडण्याआधी त्यांनी गॅस मशीनमध्ये ओढून घेतला. हवेत सोडला नाही, हे मला फार आवडलं. गाडीतला हा आर-134ए कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,400 पट तापमानवाढ घडवतो. वॉल्व्हच्या तोंडाशी काळा गाळ निघाला. नवा वॉल्व्ह, नव्या ओ-रिंगा, नवा ड्रायर. मग व्हॅक्यूम पंप बराच वेळ चालला, कारण आत ओल राहिली तर तिचा बर्फ होऊन वॉल्व्ह पुन्हा तुंबतो. शेवटी बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरला. नुसत्या अंदाजानं गॅस भरणाऱ्याकडं मी आता गाडी नेत नाही. जास्त गॅसनंही गारवा घटतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

थंडीत नवं कोडं पडलं. पहाटेच्या भाड्याला हीटर लावला तर पुढं ऊब, मागं गारठा. पुन्हा वॉल्व्ह गेला की काय, या धास्तीनं मी मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी सांगितलं, "भाऊ, ह्या गाडीत मागं हीटर नाहीच." मागची, छतातली एसीची यंत्रणा फक्त गार करते. ऊब मिळते ती इंजिनच्या गरम पाण्यापासून, डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून. मागच्यांना ती पुढच्या सीटखालच्या तोंडांतून पोचते. त्या तोंडांवर मॅट सरकली होती. डिझेल इंजिन तापायला वेळ लागतो, म्हणून पहिले काही किलोमीटर कुणालाच ऊब मिळत नाही, तेही तेव्हाच कळलं. गाडी तापूनही ऊब आली नाही तर हीटरकडं जाणाऱ्या दोन्ही नळ्या चाचपायच्या. एक गरम, दुसरी गार असेल तर पाणी आत फिरत नाही.

पावसाळ्यात माळशेज घाटात काच आतून धुरकटते तेव्हा मी हीटर आणि एसी एकत्र लावतो, हवा काचेकडं वळवतो आणि बाहेरची हवा आत घेतो. एसी हवेतली ओल काढतो, हीटर काच तापवतो. धुक्यात वळणं घेताना काच स्वच्छ असणं गारव्याहून जास्त गरजेचं आहे.