श्वासाची काटकसर

आमच्या भगिनीचें घर शहागडास आहे. हें गांव जालना जिल्ह्यांत, गोदावरीच्या कांठीं वसलेलें. पलीकडे बीड जिल्हा. वडिलांच्या तिथीस येथें येऊन नदीवर तर्पण करावें, असा आमचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. दोन वर्षांपूर्वीं तर्पण आटोपून कांठ चढूं लागलों, तों निम्म्या वाटेवर छातींत वारा मावेनासा झाला. भाचा म्हणाला, "मामा, बसा. घाई कशाची?" आम्ही बसलों, पण धाप कांहीं केल्या ओसरेना. हृदयाची शक्ति क्षीण झाल्याचें निदान पुढें झालें. गेल्या वर्षीं आम्ही वरच उभे राहिलों आणि भाचा एकटा खालीं उतरला. आपल्या बापास पाणी देण्याचेंही त्राण उरूं नये, ही खंत औषधानें जाणारी नव्हती.

हृदय क्षीण झालें म्हणजे तें बंद पडतें असें नव्हे. शरीरास लागेल तितकें रक्त पुढें ढकलण्यास तें अपुरें पडतें. मनुष्य मग भराभर आणि उथळ श्वास घेऊं लागतो. यांत मोठा तोटा आहे. प्रत्येक श्वासांतील सुमारें १५० मिलिलिटर हवा घशांत व श्वासनलिकांतच राहते; रक्तास तिचा उपयोग नाहीं. मिनिटास ५०० मिलिलिटरांचे १५ श्वास घेतले, तर साडेसात लिटरांपैकीं सव्वादोन लिटर फुकट जातात. तेच हजार मिलिलिटरांचे ६ श्वास घेतले, तर सहा लिटरांपैकीं एक लिटरही वायां जात नाहीं. आणि कामीं येणारी हवा दोहोंकडे जवळजवळ सारखीच. घर चालविणाऱ्या गृहिणीस हा हिशेब समजावून सांगावयास नको.

इटलींतील पाव्हिया येथील लुचियानो बेर्नार्दी व त्यांचे सहकारी यांनीं १९९८ सालीं 'लॅन्सेट' पत्रांत या विषयावरील आपला प्रयोग प्रसिद्ध केला. अशा कांहीं रोग्यांकडून त्यांनीं मिनिटास ६ श्वासांचा महिनाभर सराव करविला. तेव्हां रक्तांतील प्राणवायु वाढला, श्रम सोसण्याची शक्ति वाढली आणि धाप कमी झाली. रोगी थोडे होते, हें विसरतां कामा नये. २००१ सालीं त्यांनींच २३ निरोगी माणसांवर असें दाखविलें कीं, जपमाळेवरील लॅटिन प्रार्थना काय किंवा योगमंत्र काय, दोहोंच्या पठणानें श्वास आपोआप सहाच्या आसपास येतो. आमची आत्या पहांटे माळ ओढीत बसे, तेव्हां आम्ही मनांत हंसत असूं. स्वामी कुवलयानंदांनीं प्राणायामास प्रयोगशाळेंत नेण्यासाठीं लोणावळ्यास १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापिलें, हेंही आम्हांस ठाऊक होतें. पण गरज पडल्यावांचून मनुष्य ऐकतो कोठें?

डॉक्टरांस विचारिलें. ते म्हणाले, "गोळ्या सोडायच्या नाहींत, श्वास कोंडून धरायचा नाहीं, आणि रोज चालायचें." शेवटच्या आज्ञेचें नवल वाटलें, कारण पूर्वीं अशा रोग्यास खाटेवर निजवून ठेवीत. परंतु २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या, २३३१ रोग्यांवरील मोठ्या परीक्षणांत, प्रकृति स्थिर असतां बेतानें केलेला व्यायाम अशा रोग्यांस सोसतो, असें दिसून आलें.

मग रोज सकाळीं ओसरीवर बसून चार सेकंद श्वास आंत व सहा सेकंद बाहेर, असा क्रम आरंभिला. नंतर अंगणांत फेऱ्या, पुढें रस्ता. एक गोष्ट मात्र प्रांजळपणें सांगितली पाहिजे. चढावर सहा श्वास पुरत नाहींत. शरीर अधिक मागतें आणि तें द्यावेंच लागतें. सरावाचा आम्हांस लाभ झाला तो असा कीं, धाप लागली तरी घाबरें न होतां थांबावें, श्वास लांब सोडावा आणि मग पाऊल उचलावें, हें कळूं लागलें.

यंदा आम्ही नदींत उतरलों. ओंजळीनें पाणी दिलें. परततांना तीनदां थांबलों; भाचा काठी घेऊन मागें होता, परंतु त्यानें ती पुढें केली नाहीं. दारांत भगिनी वाट पाहत उभी होती. "दादा, फार वेळ लागला कां हो?" तिनें विचारिलें.

आम्हीं घड्याळ पाहिलेंच नव्हतें. श्वास मोजीत आलों होतों.