मुक्या जिवाची तिमारदारी

आमच्या घरात शुगरचे दोन पेशंट आहेत. एक आमच्या अम्मी, वय चौऱ्याहत्तर. दुसरा शेरू, वय अकरा, जात बोका. दोघांनाही सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई लागते. फ्रिजच्या मधल्या फळीवर दोघांचे दोन डबे असतात. अदलाबदल होऊ नये म्हणून अम्मींच्या डब्यावर आम्ही उर्दूत नाव लिहिलं आहे आणि शेरूच्या डब्यावर मराठीत.

हे ऐकून लोक आधी हसतात. "मांजराला शुगर? अहो, आम्ही तर पहिल्यांदाच ऐकतो." हसून झालं की दुसरा प्रश्न येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नसतो. "माणसांना औषधं परवडेनात, आणि तुम्ही बोक्याला सुया टोचता? खर्डीत मांजरांचा काय तोटा आहे?" विचारणारे आमचेच शेजारी, आमचेच नातेवाईक. त्यांच्या मनात खोट नाही. म्हणूनच या प्रश्नाचं उत्तर सवडीने, नीट द्यावं असं आम्हाला वाटलं.

शेरूचा आजार आमच्या घरात प्रथम ओळखला तो अम्मींनी. मांजर मुळात पाणी कमी पिणारं जनावर. शेरू मात्र हिवाळ्यातसुद्धा मोरीतल्या बादलीपाशी बसून राहू लागला. त्याच्या वाळूच्या घमेल्यात पूर्वीपेक्षा दुप्पट ओल दिसू लागली. खाणं जोरात आणि अंग मात्र उतरत चाललेलं. मग चालही बदलली. मांजर बोटांवर चालतं. शेरू मागचे पाय घोट्यापर्यंत जमिनीला टेकवून, सशासारखा चालू लागला. अम्मी दोन दिवस पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "तहान, लघवी, वजन. मला झालं होतं तेच याला झालंय."

गावच्या सरकारी दवाखान्यात गायी-म्हशी, बैल, शेळ्या, कोंबड्या यांचीच रांग असते. तरी तिथल्या डॉक्टरसाहेबांनी शेरूकडे आस्थेने पाहिलं. लघवीत कागदी पट्टी बुडवली आणि तिचा बदललेला रंग आम्हाला दाखवला. पुढच्या तपासण्यांसाठी त्यांनी परळला जायला सांगितलं. परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय पुष्कळांना ऐकून माहीत असतं. दिनशा माणेकजी पेटिट या पारशी गिरणीमालकांच्या पत्नीचं नाव त्याला दिलेलं आहे. १८७४ साली मुंबईत प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध संस्था निघाली, त्यातून हे काम उभं राहिलं, आणि त्याच आवारात १८८६ साली पशुवैद्यकाचं कॉलेज सुरू झालं. ट्रामचे आणि बैलगाड्यांचे जखमी घोडे-बैल बरे करायला निघालेल्या त्या जागी आज लोक कुत्रा-मांजर उराशी धरून बसलेले असतात. झाकणाच्या टोपलीत शेरूला घालून आम्ही पहाटेच्या कसारा लोकलने निघालो. दादरपर्यंत दोन तास त्याने डब्यातल्या सगळ्यांना आपली कैफियत ऐकवली.

आजार समजायला सोपा आहे. पोटात जठरामागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. ती इन्सुलिन बनवते. रक्तातली साखर शरीराच्या पेशींत जायला हे इन्सुलिन लागतं. ते कमी पडलं, किंवा शरीर त्याला दाद देईनासं झालं, की साखर रक्तातच साठते, लघवीवाटे जाते, जाताना पाणी ओढून नेते, आणि पेशी उपाशी राहतात. म्हणून भूक आहे, खाणं आहे, पण अंगी काही लागत नाही. वयस्क, लठ्ठ, घरात बसून खाणाऱ्या बोक्यांत हा आजार जास्त दिसतो. शेरूचे मागचे पाय दुबळे झाले तेही साखरेने नसा बिघडल्यामुळे.

इलाज म्हणजे रोज दोन सुया, बारा तासांच्या अंतराने. आम्ही साडेसहा आणि साडेसहा ठरवलं, कारण आम्ही दोघंही शाळेत शिकवतो आणि त्या वेळी घरात कुणी ना कुणी असतंच. मानेमागची सैल कातडी चिमटीत धरायची आणि बारीक सुईने औषध सोडायचं. शेरूला कळतही नाही, तो वाटीत तोंड घालून बसलेला असतो. सुई नेहमी खाणं पोटात गेल्यावरच, हा डॉक्टरांनी घालून दिलेला नियम.

इथे एक गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी, घरात बोका असो वा नसो. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींचं मिळतं: एका मिलिलीटरमध्ये ४० युनिट असलेलं आणि १०० युनिट असलेलं. दोन्हींच्या सिरिंजा वेगळ्या. ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. १०० चं औषध ४० च्या सिरिंजेत भरलं, तर खुणेप्रमाणे मोजूनही अडीचपट औषध अंगात जातं. अम्मींचं औषध ४० चं आहे, शेरूचं १०० चं. म्हणून बाटली आणि तिची सिरिंज एकाच डब्यात, आणि दोन डबे कधीही एकाच वेळी उघडायचे नाहीत.

खर्डीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना विजेचं वेगळं सांगायला नको. जूनच्या पहिल्या वादळात लाईट गेली की कधी रात्रभर येत नाही. इन्सुलिनला २ ते ८ अंशांची थंडी हवी. पण ते गोठलं तर कायमचं वाया जातं, म्हणून बर्फाच्या कप्प्यात कधीच ठेवायचं नाही. लाईट गेली की आम्ही दोन्ही बाटल्या प्लॅस्टिकच्या घट्ट डबीत घालून कोऱ्या मडक्यात ठेवतो. मडक्याच्या तळाशी ओली वाळू आणि तोंडावर ओलं फडकं. वापरात असलेली बाटली अशा गारव्यात आरामात टिकते. ही युक्ती अम्मींनी घरात फ्रिज नव्हता तेव्हा शिकलेली.

खाण्याचं म्हणाल, तर शेरूचा मासळी-भात बंद झाला. मांजर मांसाहारी प्राणी. भात-पोळीची साखर त्याला पेलत नाही. आता उकडलेली कोंबडी आणि डॉक्टरांनी सांगितलेलं डब्यातलं खाणं. कोंबडीबरोबर थोडं दिलही असतं, कारण मांजराच्या डोळ्यांना आणि हृदयाला लागणारं एक सत्त्व त्यात भरपूर असतं. मीठ-मसाला नाही, आणि कांदा-लसूण तर अजिबात नाही, त्याने मांजराच्या रक्ताला इजा होते. रमजानमध्ये संध्याकाळची सुई इफ्तारच्या जरा आधी येते. दस्तरखान मांडलेला असतो, सगळे रोजेदार अजानची वाट पाहत असतात, आणि घरात एकटा शेरू जेवत असतो. पहिल्या दिवशी धाकट्याने कुरकूर केली. चौथ्या दिवशी तोच घड्याळ पाहून म्हणाला, "शेरूची वेळ झाली."

एकदा बाका प्रसंग आला. सुई झाली आणि थोड्या वेळात शेरूने खाल्लेलं सगळं उलटून टाकलं. औषध अंगात आणि पोट रिकामं. अर्ध्या तासात तो झोकांड्या खाऊ लागला, नजर हरवली, अंग थरथरू लागलं. साखर चढण्याने नुकसान महिन्यांत होतं, साखर उतरण्याने मिनिटांत. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, त्याप्रमाणे आम्ही मध बोटावर घेऊन त्याच्या हिरड्यांना चोळला. घशात काही ओतलं नाही, कारण शुद्ध हरपलेल्या जनावराच्या फुफ्फुसात ते जाऊ शकतं. थोड्या वेळाने त्याने मान उचलली, तेव्हा खायला घातलं आणि डॉक्टरांना फोन केला. अम्मी त्या रात्री आपला डबा उघडून स्वतःची खडीसाखर मोजून ठेवत होत्या.

परळच्या डॉक्टरबाईंनी आम्हाला या आजाराची उलटी बाजूही सांगितली. अमेरिकेत फेरेट नावाचा, मुंगसासारखा लांबट प्राणी लोक घरात पाळतात. उतारवयात त्याच्या स्वादुपिंडात गाठी होतात आणि त्या गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडत राहतात. साखर घसरते, मागचे पाय लुळे पडतात, तोंडातून लाळ गळते. त्याच फेरेटला पुष्कळदा मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीचाही आजार जडतो आणि शेपटीपासून केस झडत जातात. त्यावर कातडीखाली बसवायची औषधाची कांडी असते. स्वादुपिंडाच्या गाठींसाठी गोळ्या असतात, काही वेळा शस्त्रक्रियाही करतात. पण मुख्य काम घरच्यांचं: दर थोड्या तासांनी मांसाचं खाणं, रात्रीसुद्धा. गोड मात्र एरवी नाही, कारण त्याने गाठी आणखी इन्सुलिन सोडतात. सात समुद्रांपलीकडचा अनोळखी प्राणी, आजार नेमका उलटा, पण तिमारदारी आमच्यासारखीच. बरं करता येत नाही, वेळ मात्र पाळता येते.

आता शेजाऱ्यांच्या प्रश्नाकडे येऊ. माणसाचं औषध बोक्याला का?

खरं तर हे औषध माणसाकडे आलं तेच जनावरांमुळे. १८८९ साली जर्मन संशोधकांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं, तेव्हा त्याला मधुमेह झाला आणि आजाराचं मूळ कळलं. १९२१ साली कॅनडात टोरंटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवरच प्रयोग करून इन्सुलिन मिळवलं. जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला ते पहिल्यांदा दिलं गेलं, तेही गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं. पुढे साठ वर्षं जगभरच्या रुग्णांचं इन्सुलिन गुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून येत राहिलं. आमचे अब्बा मेडिकलवाल्याला दर वेळी विचारून घेत, "डुकराचं तर नाही ना?" हे आम्हाला चांगलं आठवतं. १९८२ पासून जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन बनवून घेतलं जाऊ लागलं आणि तो घोर मिटला. त्या मुक्या प्राण्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्यामुळे अम्मी आज आमच्यात आहेत. अशा औषधाचा एक थेंब बोक्याला दिला, तर आम्ही उपकार करत नाही, जुनं देणं थोडंसं फेडतो.

आणि दीन काय सांगतो, ते आपण सारे जाणतोच. ह. अबू कतादा (रजि.) यांनी वुजूच्या पाण्याचं भांडं मांजरासाठी कलतं केलं, आणि ते पाहून चकित झालेल्या सुनेला सांगितलं की प्रेषितांनी (स.) मांजराला नापाक म्हटलेलं नाही, ते तर घरात वावरणाऱ्यांपैकीच आहे. मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीसही आपण मुलांना सांगतो. शेरू आमच्या दारात बंद आहे, शिकार करून पोट भरण्याचं त्याचं वय गेलं. म्हणजे त्याची जबाबदारी कुणावर, हे वेगळं विचारायला नको.

तरी प्रश्न पुरता संपत नाही, हेही कबूल करायला हवं. आमच्या तालुक्यात पाड्यांवर अशी घरं आहेत जिथे तापाच्या गोळीचा हिशेब करावा लागतो. म्हणून अम्मींसमोर बसून आम्ही मर्यादा ठरवली. शेरूसाठी कर्ज काढायचं नाही. जकात-सदक्याच्या पैशाला हात लावायचा नाही; त्यावर माणसांचा हक्क आहे. त्याचा खर्च आमच्या चहा-फराळातून, सणाच्या कपड्यांतून निघेल. आणि ज्या दिवशी तो स्वतःच खाण्याकडे पाठ फिरवेल आणि डॉक्टर म्हणतील की आता फक्त वेदना उरली आहे, त्या दिवशी आमच्या समाधानासाठी त्याला सलाइन-नळ्यांवर ओढत ठेवायचं नाही. पुढे काय करावं, ते डॉक्टरांना आणि जाणत्या आलिमांना विचारून ठरवू.

आमच्या शाळेत पाड्यावरून येणारा एक मुलगा आहे. त्यालाही लहान वयातच इन्सुलिन सुरू झालं. एका सकाळी परिपाठाला तो घामाघूम झाला आणि काहीबाही बोलू लागला. ती हरवलेली नजर आम्ही घरात पाहिलेली होती. तो गिळू शकत होता, म्हणून ग्लुकोज पाण्यात कालवून लगेच पाजलं. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. घरात फ्रिज नाही, बाटली कुठे ठेवू, असं विचारत होती. अम्मींनी तिला मडकं, वाळू आणि फडकं लावून दाखवलं. बोक्याची सेवा केली नसती तर हे आम्हाला जमलंच नसतं, असा आमचा दावा नाही. एवढंच म्हणतो की मुक्या जिवावर खर्च झालेली माया माणसाच्या वाट्यातून वजा होत नाही.

तुमच्या घरातलं वयस्क मांजर अचानक फार पाणी पिऊ लागलं, खाऊनही वाळू लागलं, मागचे पाय टेकवून चालू लागलं, तर म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका. लवकर इलाज झाला, तर काही मांजरांचं इन्सुलिन पुढे सुटतंही. शेरूचं सुटलेलं नाही. पण त्याचे पाय बरेच सावरले आहेत आणि तो अम्मींच्या पलंगावर आता आपला आपण चढतो. रात्री पाय पसरायला जागा उरत नाही, ही अम्मींची नवी तक्रार आहे.